जुन्या १२१० ला पॉवर स्टिअरिंग: रेशो कुठला घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. राजापूरच्या बाजूला चिरेखाणीवर चालणारा, नाकवाला जुना टाटा १२१०. पुढचे टायर ९.००-२०, स्टिअरिंग साधं, कटापासून कटापर्यंत, म्हणजे व्हील या टोकापासून त्या टोकाला नेताना, पावणेसहा फेरे. मालकाला गाडी विकायची नाही, पण ड्रायव्हरचे खांदे आता ऐकत नाहीत. भंगारातून दोन पॉवर बॉक्स (तेलाच्या दाबाने मदत करणारे स्टिअरिंग बॉक्स) मिळतायत. टेबलावर ठेवून फिरवला तर एक साडेतीन फेऱ्यांत संपतो, दुसरा पाच फेऱ्यांत. मिस्त्रींचं म्हणणं, साडेतीनवाला घ्या. पाच फेरेच मारायचे तर पॉवर बसवायची कशाला? मालक विचारतायत की नक्की कुठला घेऊ.

पाच फेऱ्यांचा घ्या. मिस्त्रींचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे टेबलावरचे फेरे हे गाडीतले फेरे नव्हेत. सुटा बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवता तेव्हा सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) साधारण ९० अंश फिरतो. गाडीत तो तेवढा कधीच फिरत नाही, कारण त्याआधी एक्सलवरचे स्टॉपर बोल्ट लागतात. चाक आतल्या बाजूला ३८ अंश आणि बाहेरच्या बाजूला ३० अंश वळतं असं धरलं, तर एकूण ६८ अंश झाले. सेक्टर शाफ्टवर लटकणारा ड्रॉप आर्म २०० मिमी आणि एक्सलवरचा स्टिअरिंग आर्म २२० मिमी असेल, तर तेवढ्यासाठी सेक्टर शाफ्टला ७५ अंश फिरावं लागतं. म्हणजे पाच फेऱ्यांचा बॉक्स गाडीत चार फेऱ्यांच्या जरासा वर भरेल, आणि साडेतीनवाला तीन फेऱ्यांच्याही आत येईल. आज पावणेसहा फेरे मारणाऱ्या ड्रायव्हरला चार म्हणजे पुष्कळ सुटका आहे.

आता रेशो, म्हणजे ड्रॉप आर्म एक अंश फिरायला व्हील किती अंश फिरवावं लागतं तो आकडा, कसा मोजायचा ते बघू. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, आणि भंगारातल्या बॉक्सवरची पट्टी बहुतेक वेळा गंजून गेलेलीच असते. बॉक्स शिकंज्यात पकडा, ड्रॉप आर्म चढवा. दोन्ही टोकांचे फेरे मोजून बॉक्स मध्यावर आणा. तिथून अर्धा फेरा डावीकडे न्या आणि आर्मच्या बॉल-भोकाच्या मध्याची खूण मागच्या पत्र्यावर खडूने करा. मग पूर्ण एक फेरा उजवीकडे फिरवा आणि पुन्हा खूण करा. आर्म २०० मिमीचा असेल आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर ६३ मिमीच्या आसपास आलं, तर आर्म १८ अंश फिरला, म्हणजे बॉक्सचा रेशो २०. अंतर ८९ मिमी आलं तर आर्म जवळपास २६ अंश फिरला, म्हणजे रेशो १४. तुमचा साडेतीनवाला १४ चा आणि पाचवाला २० चा निघेल. आत्ताचा साधा बॉक्स या हिशेबाने २८ च्या जवळ येतो.

काही बॉक्समध्ये सेक्टरचे (शाफ्टवरच्या दातेरी भागाचे) मधले आणि कडेचे दात वेगळे कापलेले असतात, मध्यावर संथ आणि कडेला जलद. म्हणून हेच माप मध्यावर एकदा आणि टोकाजवळ एकदा, असं दोनदा घ्या. मध्यावर २० आणि टोकाला १७ निघाला तर उत्तमच, घाटाला तो जास्त सोयीचा.

दुसरी सरमिसळ जास्त महत्त्वाची आहे. साध्या स्टिअरिंगमध्ये हलकेपणा रेशोतून येतो, म्हणून २८ सारखा आकडा लागतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये तो तेलाच्या दाबातून येतो, आणि तो दाब इंजिनावर फिरणारा पंप देतो. बॉक्सच्या आतला पिस्टन ८० मिमी व्यासाचा असेल, तर १०० बार दाबाला तो पाच टनांच्या आसपास ढकलतो. सेक्टरची त्रिज्या ४१ मिमी धरली तर ड्रॉप आर्मच्या शाफ्टवर सुमारे २,००० न्यूटन-मीटर मिळतात. या हिशेबात रेशो कुठेच येत नाही. पिस्टन तोच असेल तर १४ चा बॉक्स आणि २० चा बॉक्स चालू गाडीत सारखेच हलके लागतील.

गरज किती आहे? चिरे भरून पुढच्या एक्सलवर साडेतीन टन आले, टायरमध्ये १०० पाउंड हवा आहे आणि गाडी सुक्या डांबरावर उभी आहे, अशा वेळी चाकं जागच्या जागी वळवायला शाफ्टवर साधारण १,३५० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे असा बॉक्स ६५-७० बार दाबातच काम उरकतो. हवा ७० पाउंडांवर उतरली तर हीच गरज २० टक्क्यांनी वाढते. स्टिअरिंग जड झाल्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात, बॉक्स खोलायच्या आधी हवा बघावी.

मग रेशोने फरक कुठे पडतो? तीन ठिकाणी: सरळ रस्त्यावर, इंजिन बंद पडल्यावर, आणि पंपावर.

सरळ रस्त्याचं आधी. बॉक्सचा रेशो २०, त्याला आर्मच्या लांबीचं प्रमाण १.१ ने गुणलं की एकूण रेशो २२ झाला. १४ च्या बॉक्सचा एकूण १५.४, आणि तुमच्या जुन्या साध्याचा ३१ च्या आसपास. आता गाडी ताशी ६० किमीने चालली आहे, व्हीलबेस ४.२ मीटर. ड्रायव्हरने तंबाखू मळताना, किंवा खड्डा चुकवताना, व्हील दहा अंश हललं. ५० सेंमीच्या व्हीलच्या कडेवर हे जेमतेम साडेचार सेंटिमीटर. एका सेकंदात गाडी किती सरकेल? जुन्या बॉक्सवर १९ सेंमी, २० च्या बॉक्सवर २६, १४ च्या बॉक्सवर ३७. हा नुसत्या भूमितीचा हिशेब आहे, टायरची लवचीकता धरली तर आकडे थोडे बदलतील, पण क्रम बदलणार नाही. मुंबई-गोवा महामार्गावर समोरून बस येताना १९ आणि ३७ मधला फरक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यात पॉवरमुळे व्हील हाताला काही सांगत नाही. वीस-पंचवीस वर्षं जड व्हील ओढलेल्या हाताची सवय जोर लावायची असते. तोच हात हलक्या आणि जलद स्टिअरिंगवर गेला की गाडी पहिल्या आठवड्यात सापासारखी चालते.

दुसरं, इंजिन बंद पडलं, पट्टा तुटला किंवा नळी फुटली तर. बॉक्सच्या आत यांत्रिक जोड कायम असतो, त्यामुळे गाडी वळते, पण सगळा जोर हाताचा. वरच्याच भाराला, उभ्या गाडीत, जुन्या साध्या बॉक्सला व्हीलच्या कडेवर साधारण २८ किलोची ओढ लागते. २० च्या पॉवर बॉक्सला मदत नसताना ३७ किलो, आणि १४ च्या बॉक्सला ५२ किलो. चालत्या गाडीत हे बरंच कमी होतं, पण कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना नागमोडी वळणावर गाडी चालत्यापेक्षा उभ्याच्या जवळ असते. ५२ किलो म्हणजे सिमेंटचं अख्खं पोतं आणि वर थोडं. वय झालेल्या ड्रायव्हरकडून ते होणार नाही. फक्त या एका कारणासाठीसुद्धा १४ चा बॉक्स भरलेल्या ट्रकला लावू नये.

तिसरं कारण पंपाचं, आणि गॅरेजात नेमकं तेच कोणी बघत नाही. व्हीलच्या एका फेऱ्याला पिस्टन किती सरकतो ते रेशोवर ठरतं. वरच्या मापांत २० च्या बॉक्सचा पिस्टन फेऱ्याला १३ मिमी सरकतो आणि ६५ सीसी तेल मागतो. १४ च्या बॉक्सचा १८ मिमीहून जास्त सरकतो आणि ९२ सीसी मागतो. घाटात वळण काढताना मिनिटाला ७५ फेऱ्यांच्या वेगाने व्हील फिरवलं, आणि बॉक्समधली आतली गळती दीड लिटर धरली, तर पहिल्याला मिनिटाला साडेसहा लिटरच्या आत भागतं, दुसऱ्याला साडेआठ लिटरच्या जवळ लागतात. जुनं डिझेल इंजिन ६०० आरपीएमला आयडलिंग करतं. त्यावर फेऱ्याला १४ सीसी देणारा पंप एकास एक पुलीने फिरवला तर पंपातली गळती वजा जाता हाती साडेसात लिटर येतात. २० च्या बॉक्सला ते पुरतात, १४ च्या बॉक्सला नाही.

पुरले नाहीत तर काय होतं? व्हील निम्मं हलकं फिरतं आणि मधेच कोणीतरी पलीकडून धरल्यासारखं अडकतं. ॲक्सिलरेटर दिला की सुटतं. ड्रायव्हर सांगतो, ‘बॉक्स जाम झाला’. मिस्त्री बॉक्स खोलतो, सील बदलतो, अडकणं तसंच. बॉक्समध्ये काहीच नसतं; तेल कमी पडतंय एवढंच. यावर पंपाची पुली लहान करण्याचा जुगाड होतो. पण मग इंजिन वर गेल्यावर पंप त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो, तेल तापतं आणि पंपाच्या शाफ्टचं सील जातं.

तुमच्या इंजिनाला पंपासाठी मूळ जागा नसेल तर ब्रॅकेट करून पट्ट्यावर घ्यावा लागेल. एका पट्ट्यावर विसंबू नका, दोन खाचांची पुली लावा. पावसाळ्यात ओला झालेला एकटा पट्टा नेमका फुल कटला घसरतो. तेलाची टाकी पंपाच्या वर बसवा, आणि टाकीतून पंपाकडे येणारी नळी जाड आणि आखूड ठेवा. दाबाची नळी दोन थर तारेची, हायड्रॉलिकच्या दुकानातून टोकं दाबून घेतलेली हवी. क्लिप लावलेला साधा पाइप तिथे एक दिवसही चालणार नाही.

आता बॉक्स विकत घेण्याआधीची एक तपासणी, जी चुकली तर पैसे पाण्यात. तुमच्या गाडीत व्हील उजवीकडे फिरवलं की ड्रॉप आर्मचं खालचं टोक पुढे जातं की मागे, ते आधी बघून ठेवा. भंगारातला बॉक्स ज्या बाजूला, ज्या तोंडाने बसणार आहे तसाच धरून तेच करा. उलट जात असेल तर तो बॉक्स सोडून द्या, कितीही स्वस्त असो. वर्मचे, म्हणजे व्हीलने फिरणाऱ्या आतल्या स्क्रूचे, आटे उलट्या हाताचे आहेत, त्याला इलाज नाही. तेलाच्या नळ्या अदलाबदल करून दिशा बदलते असं सांगणारे भेटतात. तसं केलं तर बॉक्स तुमच्या हाताविरुद्ध जोर लावेल.

रेशो थोडाफार बदलायचाच असेल तर तो बॉक्सबाहेरही बदलता येतो. ड्रॉप आर्म २०० ऐवजी २३० मिमीचा लावला की २० चा बॉक्स एकूण २२ वरून १९ वर येतो. पण आर्म लांब झाला की बॉलला मिळणारा जोरही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि आर्मचं टोक खाली गेल्यामुळे ड्रॅग लिंकचा (ड्रॉप आर्म आणि एक्सलवरचा आर्म जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. आर्म कापून वेल्डिंग करणं हा विषयच काढू नका. तापवून वाकवलेला आर्मसुद्धा नको. दुसऱ्या मॉडेलचा, त्याच दातांचा, घडीव आर्म मिळाला तरच हा बदल करा.

ड्रॅग लिंकच्या कोनाबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘पॉवर लावल्यापासून गाडी ओढते’ ही तक्रार बहुधा इथून येते. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एका टोकाला पक्क्या पिनवर असतात, त्यामुळे एक्सल वर-खाली होताना एका कमानीत फिरतो. मूळ ड्रॅग लिंक त्या कमानीशी जुळवून ठेवलेली असते. नवा बॉक्स जागा मिळाली म्हणून पुढे, मागे किंवा वर बसवला की ही जुळणी मोडते. मग प्रत्येक खड्ड्याला व्हील आपणहून हलतं. म्हणून बॉक्स असा बसवा की ड्रॉप आर्मच्या बॉलची जागा जुन्या जागेपासून १० मिमीपेक्षा जास्त हलणार नाही. बॉक्स काढण्याआधीच चासीवर ओळंबा आणि खुणा घेऊन ही जागा नोंदवा. काढल्यावर ती सापडत नाही. बसवल्यावर चाकं सरळ ठेवून चासी जॅकने ५० मिमी उचला आणि उतरवा. व्हील बोटभरही हललं तर बॉक्सची जागा चुकली आहे, तेव्हाच दुरुस्त करा.

चासीचं म्हणाल तर साध्या बॉक्सने जेवढा जोर कधी लावला नाही तेवढा जोर आता त्या जागेवर येणार आहे. चिऱ्यांच्या गाड्यांची चासी तशीही थकलेली असते. बॉक्सच्या भोकांभोवती रंग खरवडून भेगा बघा. आतल्या बाजूला ८ मिमीची पट्टी, बोल्ट १६ मिमीचे, ८.८ ग्रेडचे किंवा वरचे. भोकं ड्रिलने करा, गॅसने जाळून नको. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना वेल्डिंगचा टाका मारू नका, भेग तिथूनच सुरू होते.

कॉलमचा सांधा हा रेशोचाच भाग आहे, हे सहसा लक्षात येत नाही. व्हीलचा दांडा आणि बॉक्सचा दांडा एका रेषेत आला नाही की मध्ये क्रॉस (कोनात फिरणारा सांधा) घालतात. एकच क्रॉस ३० अंशांच्या कोनात असेल तर २० चा बॉक्स प्रत्येक फेऱ्यात दोनदा १७ होतो आणि दोनदा २३. ड्रायव्हरला व्हील हलकं-जड, हलकं-जड लागतं, आणि दोष पुन्हा बॉक्सवर येतो. दोन क्रॉस घाला, दोन्हींचे कोन सारखे ठेवा, आणि मधल्या दांड्यावरचे दोन्ही काटे एकाच पातळीत ठेवा. तेवढ्याने ही चढउतार जाते.

बसवताना मध्य जुळवणं सगळ्यात नाजूक. प्रत्येक बॉक्स ठीक मध्यावर किंचित घट्ट असतो. सरळ चालताना प्ले (व्हीलची मोकळी हालचाल) राहू नये म्हणून तो तसाच केलेला असतो. चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावर नसेल तर तुम्ही कायम ढिल्या भागात गाडी चालवाल. आधी बॉक्स मध्यावर, मग ड्रॉप आर्म त्याच्या खुणेवर, मग चाकं सरळ, आणि शेवटी ड्रॅग लिंकची लांबी फिरवून जोडणी. व्हील वाकडं दिसतंय म्हणून नुसतं व्हील काढून सरळ लावणं म्हणजे घड्याळ बंद पडलं म्हणून काटे हाताने फिरवणं.

स्टॉपर बोल्ट असे लावा की ते बॉक्सचं आतलं टोक येण्याआधी लागतील. टोकाला दाब तोडणारे व्हॉल्व्ह असलेल्या बॉक्समध्ये ते स्टॉपर आणि एक्सलमध्ये ३ मिमीची पट्टी ठेवून जुळवा, म्हणजे चाक टेकायच्या जरा आधी दाब उतरतो. हे राहिलं तर ड्रायव्हर फुल कटला व्हील दाबून धरतो, पंप किंचाळतो आणि काही महिन्यांत सेक्टर शाफ्टचं सील गळायला लागतं.

जुन्या साध्या स्टिअरिंगच्या गाड्यांत, ज्यावर चाक वळतं त्या किंगपिनचा मागचा कल कमी ठेवलेला असतो, नाहीतर हाताला फारच जड जातं. पॉवर लावल्यावर वळण संपताना व्हील आपणहून सरळ यायचं थांबतं. त्यासाठी पाट्यांच्या आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालून कल दीड-दोन अंशांनी वाढवा, एकूण तीन-साडेतीनच्या वर नको. १०० मिमी लांबीच्या बैठकीला दोन अंश म्हणजे एका टोकाला साडेतीन मिमी जास्त जाडी. पाचर लोखंडी, मधल्या बोल्टच्या भोकासह, आणि जाड बाजू अशी की किंगपिनचं वरचं टोक मागे झुकेल. किंगपिन आणि बॉल जॉइंट ढिले असतील तर हे सगळं करण्याआधी ते बदला. ढिल्या किंगपिनवर पॉवर लावली की तो ढिलेपणा हाताला कळायचाच बंद होतो.

कागदाचं एक काम आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत, म्हणून बॉक्स घेण्याआधी आरटीओत विचारा. केंद्रीय नियम ९८ प्रमाणे व्हीलचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात. ३० अंश म्हणजे ५० सेंमीच्या व्हीलवर १३ सेंमी. नियम एवढी मुभा देतो म्हणून ती वापरायची नसते. नव्या जोडणीत प्ले दोन-तीन बोटांच्या वर असेल तर काहीतरी ढिलं राहिलंय.

तेल भरताना घाई नको. पुढची चाकं उचला, टाकी भरा, इंजिन न चालवता व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा आणि पातळी उतरेल तसं तेल टाकत राहा. मग इंजिन आयडलिंगला लावून पुन्हा फिरवा, टोकाला दाबून धरू नका. टाकीत ताकासारखा फेस दिसला तर हवा अजून आत आहे. बंद करा, तासभर थांबा, पुन्हा सुरू करा. तेल बॉक्स आणि पंपाला चालेल ते एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल), इंजिन ऑइल नाही. भंगारातल्या बॉक्सच्या पोटात काय साचलंय सांगता येत नाही, म्हणून पहिलं तेल आणि फिल्टर ५०० किमीला काढून टाका.

तुमच्याकडे त्रास लाल मातीचा होणार आहे. खाणीच्या रस्त्यावरची जांभ्याची धूळ पावसात शेंदरासारखी चिकटते आणि बॉक्सच्या वरच्या दांड्याच्या सीलवर बसून वाळते. प्रत्येक फेऱ्याला ती सील घासते. तिथलं रबरी बूट फाटलं की लगेच बदला, आणि मृगाच्या आधी त्यात ग्रीस भरून ठेवा. गाडी मधूनच मासळीच्या फेऱ्या मारत असेल, तर बर्फाचं खारं पाणी चासीवरून कुठे वाहतं ते बघा आणि तेलाच्या लोखंडी नळ्या त्या वाटेतून हलवा. क्लॅम्पच्या आत गंज बाहेरून दिसत नाही. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, क्लॅम्प सोडून नळीवरून बोट फिरवा. खवले हाताला लागले तर ती नळी काढा.